आठ हातांचं माप

खुदकनला हसू यायचं ते नेमकं नको तिथे. कोणी विनोद सांगितला तर ती नुसतं "असं होय?" म्हणायची आणि पुढचं काज शिवायला घ्यायची. पण चार माणसं गंभीर झाली, कोणीतरी घसा खाकरून "आता आपण शांत उभे राहू" म्हणालं, की हिच्या पोटात गुदगुल्या सुरू. आधी खांदे हलायचे, मग नाकपुड्या फुगायच्या, आणि तोंडाशी हात न्यायच्या आत खुदकन! एकदा बांध फुटला की मग थांबणं तिच्या हातात नसे. डोळ्यांतून पाणी, पोटात कळा, आणि भोवती सगळ्यांच्या वटारलेल्या नजरा. नाव वडिलांनीच ठेवलं होतं. शाळेत मुख्याध्यापकांनी तिला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं, "यात हसण्यासारखं काय आहे?" त्यावर तिला जे हसू आलं, ते घरी पोचेपर्यंत टिकलं.

तिचं लग्नही हसण्यावरच जमलं. एका सरकारी इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती. आत माणसं कासावीस झाली होती, कोणी देवाचा धावा करत होतं, कोणी रडकुंडीला आलं होतं. वरून दोरखंड तपासणाऱ्या दुरुस्तीवाल्याच्या कानांवर मात्र एक भलताच आवाज आला. आत कोणीतरी बाई खदाखदा हसत होती. दुरुस्तीवाला मितभाषी माणूस. त्याने लिफ्ट खाली आणली, दार उघडलं, हसणाऱ्या बाईकडे नीट पाहून घेतलं, आणि पुढच्या महिन्यात घरच्यांना घेऊन मागणी घालायला गेला. कारण विचारलं तर म्हणाला, "इतकी माणसं अडकलेली बघितली. हसणारं कोणी नव्हतं."

सासरी सगळं छान होतं. अडचण एकच, आणि ती म्हणजे नणंद. नवऱ्याची थोरली बहीण. मनाने वाईट नव्हती, पण शिस्तीची. देवीच्या देवळातली फुलं, वाती, नैवेद्याची ताटं, रांगेत कोण पुढे कोण मागे, सगळं तिच्या देखरेखीखाली चालायचं. आणि देऊळ तरी कसं! दोन गल्ल्या पलीकडे फर्निचरचं एक मोठं जुनं दुकान होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर. कपाटं-पलंग चढवायला जी अवाढव्य लिफ्ट होती, तिच्यातूनच अष्टभुजा देवीची पाषाणाची मूर्ती वर गेली होती. ती चढवणारा माणूस म्हणजे खुदकनचा नवरा. त्या ऐतिहासिक दिवसाबद्दल तो एवढंच सांगायचा, "भार मर्यादेबाहेर होता. पण आली."

लग्नानंतर खुदकन पहिल्यांदा आरतीला गेली, त्या दिवशी तेव्हाच्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांना ऐन आरतीत शिंक आली. शिंक अशी जबरदस्त, की ताटातल्या सगळ्या वाती एका दमात विझल्या. पुजारी क्षणभर थांबले, आणि काही झालंच नाही अशा थाटात विझलेलं ताट ओवाळत राहिले. लोकही काही झालंच नाही अशा थाटात टाळ्या वाजवत राहिले. खुदकनने ओठ चावला. गालांची आतली बाजू चावली. शेवटी मटकन खाली बसून ती इतकी हसली, की नणंदेने तिला कोपराला धरून जिना उतरवला.

"बाई ग," नणंद म्हणाली, "तू आपली घरूनच हात जोड. देवीला कुठूनही पोचतं."

खुदकनने ते मनावर घेतलं. राग आला नाही, उलट पटलंच. आपल्यासारखीने जाऊ नये. त्यानंतर ती कधी वर गेली नाही. पण देवीची ओढ काही सुटेना. सकाळी स्वतःचं शिवणाचं दुकान उघडायच्या आधी ती त्या इमारतीत जायची, फुलांची परडी लिफ्टमध्ये ठेवायची, बाहेरूनच हात आत घालून बटण दाबायची आणि दार बंद करायची. परडी एकटीच, ऐटीत, वर जायची. थोड्या वेळाने रिकामी परडी तशीच खाली यायची. कधी तिच्यात प्रसादाची खडीसाखर असायची, कधी नुसती चार तुळशीची पानं. वरच्यांच्या ते अंगवळणी पडलं होतं. लिफ्टचं दार उघडून आत फक्त फुलं दिसली, तर कोणी विचारत नसे.

खुदकनचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. तिथे ती नवे कपडे फारसे शिवत नसे. तिचं काम दुरुस्तीचं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, ब्लाऊज दोन्ही बाजूंनी उसवून सैल करणं, आणि सैल केलेला ब्लाऊज बाईने पथ्य पाळून कमावलेल्या अंगाला पुन्हा घट्ट करणं. भिंतीला उभा आरसा, बरणीत हुक, तव्यासारखी जड इस्त्री, खडूचे झिजलेले तुकडे. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की ती टाचण्या तोंडात धरून ठरलेलं म्हणायची, "हात वर करा. श्वास सोडा. पोट आत ओढू नका, ते घरी गेल्यावर परत बाहेर येणारच आहे." काम सफाईदार होतं, हात भरभर चालायचा, आणि दोऱ्याचं टोक तोडायला ती कात्री कधी शोधत नसे. दात होते ना!

देवीचे कपडे इतकी वर्षं एक मावशी शिवायच्या. त्यांची मुलगी दूरच्या शहरात होती. ती त्यांना एके दिवशी घेऊन गेली. देवीच्या स्थापनेचा वाढदिवस तोंडावर आलेला. दरवर्षी त्या दिवशी देवीला नवं वस्त्र, नवा साज. नणंदेने सगळीकडे विचारून पाहिलं. मोठमोठ्या शिंप्यांनी आठ हात म्हटल्यावर हात जोडले. शेवटी एका दुपारी ती जिन्याखालच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात कागदात गुंडाळलेलं डाळिंबी रेशीम, सोनेरी काठाचं.

"शिवशील का?" तिने विचारलं. विचारताना ती बरणीतल्या हुकांकडे बघत होती.

"कोणाचं?"

"आपल्या देवीचं."

खुदकनच्या हातातली पँट खाली पडली. "वन्सं, मी? मला तर..."

"शिवायचं तुझ्या दुकानात. नेसवतील गुरुजी. तुला वर यायला लागणार नाही."

"मग माप?"

"गुरुजी फोनवर सांगतील."

इथेच घोटाळा झाला. नवे गुरुजी म्हणजे धिप्पाड माणूस. चेहरा असा गंभीर, की त्यांचे दात कोणी पाहिले नव्हते. देवीला मोजपट्टी लावायची नाही, कारण ती सतरा जणांच्या कमरेभोवती फिरलेली. माप हाताने घ्यायचं, ही तिथली रीत. गुरुजींनी फोनवर सगळं रीतसर सांगितलं. खांद्यापासून पावलांपर्यंत इतक्या विती, छाती इतकी, दंडाचा घेर इतकी बोटं. खुदकनने आपल्या चिमुकल्या वितीने ते कापडावर मोजलं. रेशीम हातात धरायची भीती वाटत होती, म्हणून काठाकडच्या एका तुकड्यातून तिने आधी नमुना म्हणून त्या मापाचा पुरा पोशाख शिवला आणि परडीतून वर पाठवला.

थोड्या वेळाने लिफ्टमधून परडी नाही, नणंदच खाली आली. "अगं, हे काय? हे देवीच्या एका हातालासुद्धा होत नाही!"

"मापाने शिवलंय वन्सं. मोजून घ्या."

मोजलं. बरोबर होतं. मग दोघी एकमेकींच्या हातांकडे पाहू लागल्या, आणि खुदकनच्या डोळ्यांसमोर गुरुजींचा पंजा आला. गुरुजींची एक वीत म्हणजे हिच्या जवळजवळ दोन. खुदकनचे खांदे हलायला लागले.

"हसू नकोस," नणंद म्हणाली. पण तिच्याही ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी वळवळलं, आणि ते लपवायला ती घाईने वळली.

पोशाख मात्र फुकट गेला नाही. मोठ्या पाषाणमूर्तीपुढे एक छोटी धातूची मूर्ती असते. देवीला मिरवायचं असलं, की तिलाच उचलून नेतात. मोठी कुठे हलणार? गुरुजींनी तो पोशाख त्या धाकटीला घातला, तर तो जणू तिच्यासाठीच बेतला होता. गुरुजींनी एकेक बाही निरखून पाहिली. मग म्हणाले, "त्या वहिनींना वर बोलवा. माप त्यांच्याच हाताने होऊ दे."

"गुरुजी, तिला हसू येतं," नणंद म्हणाली.

"देवळात बायकांना रडू येतं, पुरुषांना झोप येते. ह्यांना हसू येतं. मला पोशाख नीट बसल्याशी काम."

दुसऱ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन, धुतलेली साडी नेसून खुदकन लिफ्टमध्ये चढली. इतकी वर्षं तिची फुलं जिथून जात होती, तिथून आता ती स्वतः निघाली होती. नवरा सोबत होता. वर पोचेपर्यंत तो मान वर करून दोरखंडाचा आवाज ऐकत होता. दार उघडताना मात्र म्हणाला, "भार मर्यादेत आहे."

दुपारची वेळ होती. देवीचं स्नान नुकतंच झालं होतं, गाभाऱ्याचा पडदा ओढलेला होता. आत साज नाही, फुलं नाहीत, मुकुट नाही. तेल मुरून काळाभोर झालेला दगड, आणि पंख्यासारखे पसरलेले आठ हात. खुदकनची बोबडी वळली. हसू कुठल्या कुठे पळालं. ती नुसती बघत उभी राहिली. आणि बघता बघता तिच्यातली शिंपीण जागी झाली. देवीचा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित उतरता होता. मूर्तिकाराने तसाच घडवला होता की छिन्नी घसरली होती, कोण जाणे. पण तसा उतरता खांदा खुदकनने शेकडो बायकांचा पाहिला होता. बाजाराच्या पिशव्या वाहणाऱ्या, कडेवर मूल घेणाऱ्या. तिच्या जिवात जीव आला.

"हिला डावीकडे थोडी जास्त चूण लागेल," ती गुरुजींना म्हणाली, "नाहीतर गळा एका बाजूला ओढला जाईल."

गुरुजींनी मान डोलावली आणि कोऱ्या सुताचा गुंडा तिच्या हातात दिला. तिने एकेक हात, एकेक दंड मोजला, सुताला गाठी मारल्या. गुरुजींनी नियम सांगितले. सुई नवी हवी. कापड कोणाच्या अंगाला लावून बघायचं नाही. दोरा दाताने तोडायचा नाही, उष्टा होतो. देवीला पोशाख डोक्यातून घालता येत नाही, मागची प्रभावळ दगडात एकजीव आहे. तेव्हा सगळं पुढून चढवायचं आणि बंद प्रभावळीच्या मागे नेऊन बांधायचे. बाकीचं तिला सोपं वाटलं. दाताचं तेवढं अवघड गेलं.

पहिल्याच दिवशी शिवण संपल्याबरोबर तिचं तोंड आपोआप दोऱ्याकडे गेलं. दात लागले, लक्षात आलं, आणि अख्खी बाही उसवून धुऊन परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी नवऱ्याने काही न बोलता एक स्वच्छ रुमाल घेतला आणि तिच्या तोंडाला बांधला, डोक्यामागे दोन घट्ट गाठी मारून. त्यानंतर जी गिऱ्हाइकं येत, ती दारातूनच विचारत, "काय हो, काही साथ आहे का?" रुमालाआडून ती काहीतरी सांगायची, ते कोणाला कळायचं नाही, आणि गिऱ्हाइकं पँट तिथेच ठेवून पळायची.

रेशीम अंगाला लावून बघायचं नव्हतं, पण साध्या मांजरपाटाचा कच्चा पोशाख करून बघायला कोणाची हरकत असणार? फक्त आठ हात पाहिजेत. नवऱ्याला आरशासमोर उभं केलं, दोन झाले. एवढ्यात नणंद काम कुठवर आलं ते बघायला आली.

"वन्सं, जरा ह्यांच्या मागे उभ्या राहा ना. हात असे बाहेर काढा."

"मी? वेड लागलंय का तुला?"

"देवीचं काम आहे."

देवीचं काम म्हटल्यावर नणंदेला नाही म्हणता येईना. ती भावाच्या पाठीमागे उभी राहिली, त्याच्या काखेखालून हात काढून. चार झाले. उरलेले चार म्हणजे दोन छत्र्या, एक केरसुणी आणि कापड मोजायचा लाकडी गज, सगळं नवऱ्याच्या पाठीवर पट्ट्याने बांधून. खुदकनने आठही बाह्या चढवल्या, बंद बांधले, मागे सरून डोळे बारीक करून पाहिलं. नेमकी त्याच वेळी कोपऱ्यावरची औषधवाली बाई पँट न्यायला आली. दारात थबकली. समोर तोंडाला रुमाल बांधलेली शिंपीण, आणि आरशात दोन डोक्यांची, आठ हातांची, मिशा असलेली काहीतरी वस्तू.

"मी नंतर येते," औषधवाली म्हणाली.

"थांबा, होतच आलंय," मिशा असलेलं डोकं म्हणालं. त्या वर्षभरात तो घराबाहेरच्या माणसाशी बोललेलं हे बहुधा पहिलंच वाक्य. औषधवालीने जी धूम ठोकली! खुदकन हसून हसून इस्त्रीच्या टेबलाखाली गेली. नणंद ओरडत होती, "अगं, मला आधी सोडव! सोडव म्हणते ना!" आणि ओरडता ओरडता तिचाही आवाज फुटायला लागला होता.

वाढदिवसाचा दिवस उजाडला. वरचा मजला माणसांनी खच्चून भरला. पोशाख तयार होता, इस्त्री करून, कोऱ्या कापडात गुंडाळून. खुदकनने तो लिफ्टमधून पाठवला आणि नेहमीप्रमाणे खाली थांबली. जरा वेळाने लिफ्ट परत आली. आत नणंद, चेहरा लालबुंद.

"चल वर. गुरुजींना कळत नाहीये कुठला बंद कुठे बांधायचा. एका हाताला दोन बाह्या घालून बसलेत."

खुदकनला पळतच आत नेलं. पडदा ओढलेला होता. पडद्याच्या बाहेर माणसं दर्शनासाठी ताटकळलेली, आत गुरुजी, घामाने थबथबलेले, हातात रेशमी बंदांचा गुंता. बाहेर कुजबुजही थांबली होती. सगळीकडे ती शांतता पसरली, जिची खुदकनला जन्मापासून भीती होती. तिने मनाशी म्हटलं, काम कर, फक्त काम कर. तिने गुंता सोडवला. एकेक बाही जागेवर बसवली. डावीकडची चूण सारखी केली. हात भरभर चालू लागले, दुकानात चालतात तसे, आणि हातांबरोबर जीभही दुकानातल्यासारखी सुटली. शेवटची बाही घेऊन ती देवीच्या समोर आली आणि सवयीने म्हणाली,

"हात वर करा, बाई."

देवीचे आठच्या आठ हात आधीच वर होते.

खुदकनने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी तिच्याकडे बघत होते, डोळे मोठे करून. त्यांचा चेहरा इतका गंभीर होता, इतका गंभीर, की तिचे खांदे हलले. तिने बाही तोंडात कोंबायला उचलली. तेवढ्यात आठवलं, उष्टी होईल. हात खाली आला आणि तोंड मोकळं राहिलं.

खुदकन! आणि मग खदाखदा, खळखळून, छताला जाऊन आपटेल असं हसू, पडदा ओलांडून त्या निःशब्द दालनभर.

बाहेरच्यांनी एकदम माना वर केल्या. मग पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजींचा कापरा आवाज आला. "हसली! देवी हसली!"

पुढे काय झालं ते विचारूच नका. कोणी शंख फुंकला, कोणी घंटेला लोंबकळलं, कोणी जिथे जागा मिळेल तिथे साष्टांग नमस्कार घातला, आणि त्यावर दुसरे अडखळून पडले. गुरुजींना काही सुचेना. त्यांनी घाईघाईने खुदकनला कोपऱ्यात सारलं आणि पडदा उघडला. डाळिंबी रेशमात, सोनेरी काठात, आठही हातांनी देवी झगमगली. "बघा बघा, अजून हसतेय!" गर्दी म्हणाली. देवळाचे अध्यक्ष धावत ध्वनिक्षेपकापाशी गेले. "भक्तहो, आज आपल्या डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत..."

गर्दीत फक्त दोघांना ते हसू ओळखीचं होतं. नवरा खांबाला टेकून शांत उभा होता. नणंदेने कपाळाला हात लावला होता.

खुदकन गप्प राहिली असती तर भागलं असतं. कोणी तिला विचारलं नसतं. पण देवीच्या नावावर आपलं हसू खपवायचं? तिला ते नको वाटलं. ती कोपऱ्यातून पुढे आली आणि म्हणाली, "अहो, ऐका ना. देवी नाही हसली. मी हसले."

अध्यक्ष चिडले. "बाई, तुम्ही मधे कशाला? आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

"तेच माझं."

"काहीतरीच! माणसाचं हसणं असं नसतं," पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या. "तुझं असेल तर हसून दाखव बरं!"

सगळं दालन तिच्याकडे वळलं. खुदकनने तोंड उघडलं. "हा हा," ती म्हणाली. शाळेतल्या मुलीने धडा वाचावा तसं. पुन्हा प्रयत्न केला. "हि हि." काही नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा लोक तिला हस म्हणत होते, आणि हसू गेलं होतं गावाला. आजींनी विजयी मुद्रेने इकडे तिकडे पाहिलं. अध्यक्षांनी पुन्हा ध्वनिक्षेपक उचलला.

तेव्हा मागून, खांबापाशी, एक आवाज आला. लोकांना आधी कळेचना कोण बोलतंय, कारण हा माणूस बोलतो हेच बऱ्याच जणांना माहीत नव्हतं.

"तिला हसायला सांगू नका," लिफ्टवाला म्हणाला. "तुम्ही सगळे गंभीर व्हा."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, खुदकनकडे पाहिलं. मग ते पुढे आले, दोन्ही हात वर करून म्हणाले, "सर्वांनी डोळे मिटा. कोणी हालचाल करायची नाही. पूर्ण शांतता."

दालन शांत झालं. इतकी माणसं, डोळे मिटलेली, हात जोडलेले, अध्यक्ष तर नाकावरची माशीसुद्धा हाकलेनात. पंख्याची घरघर तेवढी. खुदकनने छताकडे पाहिलं. मग जमिनीकडे. मग तिची नजर नणंदेवर गेली. नणंदेने एक डोळा किलकिला करून तिच्याकडेच पाहिलं होतं, आणि ओठ असे घट्ट दाबले होते, की हनुवटी थरथरत होती.

झालं! बांध फुटला. तेच हसू, तसंच, छताला लागणारं. आजींनी डोळे उघडले, आ वासला. "अगंबाई, खरंच की!" म्हणाल्या आणि बोळक्या तोंडाने हसायला लागल्या. त्यांच्या शेजारचा माणूस हसला. मग त्याच्या मागची रांग. अध्यक्ष "शांतता, शांतता" म्हणत होते, ध्वनिक्षेपकातून शब्द येत होता "शां... शांत... फिस्स." नणंदेने तर जमिनीवर बैठकच मारली. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं बिचारीचं.

आणि गुरुजी? साज चढल्यावर देवीला आरसा दाखवायचा असतो. राजाराणीला जसा दाखवावा तसा. तिने आपलं रूप बघून घ्यावं, मगच आरती. गुरुजींनी चांदीच्या कडेचा आरसा उचलला, चेहरा दगडासारखा ठेवून. पण त्यांचं पोट हलायला लागलं होतं. पोट हललं तसा हात हलला, आणि हात हलला तसा आरसा. कवडसा सुटला तो छतावर, भिंतींवर, अध्यक्षांच्या टकलावर नाचू लागला. खुदकन बाजूलाच उभी होती. तिला तिथून आरशात देवीचा चेहरा दिसत होता. काळ्या दगडाचे ते ओठ, ते गाल, थरथरत्या काचेत हलत होते, फुटत होते, पुन्हा जुळत होते. तिचं हसू तिथल्या तिथे थांबलं. तिने हात जोडले. आणि नंतर पुन्हा, आधीपेक्षाही जोरात, हसू लागली.

त्या दिवशीची आरती कोणाला सुरात म्हणता आली नाही. गुरुजींचे दात तेव्हा सगळ्यांनी पाहिले. मोठे, पांढरेशुभ्र, चांगले होते. उगीच लपवून ठेवले होते, असं लोकांचं मत पडलं.

तेव्हापासून देवीचं सगळं शिवणकाम खुदकनकडे आहे, आणि नेसवणंही. उन्हाळ्यात पातळ सुती, थंडीत अस्तर लावलेलं आणि वर शाल, दुपारी विश्रांतीच्या वेळी साज उतरवून मऊसूत जुनेरं. देवीने एकदा नेसलेलं वस्त्र प्रसाद म्हणून वाटतात. त्यातलं एक औषधवाली बाई घेऊन गेली, पण दुकानात यायचं असलं तर अजून ती आधी बाहेरून हाक मारते. अध्यक्षांनी एकदा सुचवलं, की पडद्याआड असताना वहिनींनी शक्यतो गप्प राहावं. गुरुजी म्हणाले, "तुम्ही नेसवता का आठ हातांना?" विषय तिथेच मिटला.

आजी मात्र हट्टाला पेटलेल्या आहेत. त्यांचं म्हणणं, हसू दोन होती. एक शिंपिणीचं, मान्य. पण त्याच्या खाली दुसरं एक होतं, जरा खोल आवाजातलं. खुदकनला हे कोणी विचारलं तर ती वाद घालत नाही. "असेल," म्हणते, "मी तेव्हा हसत होते. मला कुठलं ऐकू येणार?"

आणि मग कात्री शोधायला लागते, कारण दाताने दोरा तोडायची तिची सवय आता पँटींच्या बाबतीतही गेली आहे.